नव्वद मिनिटांची बैठक

न्यू जर्सीत राहणाऱ्या माझ्या भाचीचे बाळ तेहतिसाव्या आठवड्यात जन्मले, यथावकाश दूध ओढू लागले, वजनानेही दोन किलोंच्या पुढे गेले; तरीही मोटारीच्या बाल-आसनात नव्वद मिनिटे सुखरूप बसल्यावाचून त्याला घरी सोडावयाचे नाही, असा रुग्णालयाचा दंडक असल्याचे ऐकून मला इतके नवल वाटले की, तो प्रकार प्रत्यक्ष पाहण्याची परवानगी मी मागून घेतली.

गर्भारपणाचे सदतीस आठवडे पुरे होण्यापूर्वी जन्मलेल्या अर्भकांची ही चाचणी अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने पुरस्कारलेली आहे. अशा बाळाचे मस्तक देहाच्या मानाने जड आणि मानेचे स्नायू अपरिपक्व असल्यामुळे निमबैठ्या स्थितीत हनुवटी छातीवर कलते, कोवळा श्वासमार्ग आकुंचित होतो आणि रडण्याचा आवाजही न होता श्वास थांबू शकतो.

पन्नाशीच्या घरातील परिचारिकेने पट्टे बाळाच्या खांद्यांच्या रेषेत आणून आवळले. मग तिने लहान दुपट्यांच्या गुंडाळ्या केल्या. दोन बाळाच्या दोन्ही कुशींना आणि तिसरी, अंगठ्याएवढी, लंगोट व मधला पट्टा यांच्यामध्ये, म्हणजे कंबर पुढे घसरावयाची नाही. पाठीमागे मात्र आजीने हौसेने शिवलेली दुलई तिने घालू दिली नाही, कारण धडक बसताच कापड दबते आणि आवळलेले पट्टे सैल पडतात. पायाला यंत्राची तार जोडली गेली. प्राणवायूचे प्रमाण, नाडी आणि श्वास यांची नोंद सुरू झाली. ‘नव्वद मिनिटे,’ ती म्हणाली, ‘आणि घर त्याहून दूर असेल, तर प्रवासाला लागेल तितका वेळ.’ जे बाळ यात टिकत नाही, त्याला गाडीत निजवून बांधता येईल अशी निराळी शय्या देतात. प्राणवायूचे नळकांडे सोबत असल्यास तेही जखडून ठेवण्याची सक्त ताकीद असते.

या चाचणीविषयी मतभेद आहेत. पुरावा अपुरा असल्याने ती सरसकट करू नये, असा अभिप्राय कॅनडातील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने 2016 साली दिला, आणि नव्वद मिनिटे श्वास नीट चालला म्हणून पुढेही चालेलच अशी हमी कोणी देऊ शकत नाही, हा आक्षेप मला वजनदार वाटतो. परंतु त्या नव्वद मिनिटांत यंत्राकडे दृष्टी ठेवीत असतानाच ती परिचारिका वारंवार बाळाच्या हनुवटीखाली बोट सरकवून तेथे जागा आहे ना हे पाही, आणि मग माझ्या भाचीलाही तसेच करावयास लावी. आईच्या नजरेला लागलेले हे वळण कोणत्याही नोंदवहीत उतरत नसले, तरी माझ्या मते चाचणीचे खरे फळ तेच होय.

आपल्याकडे 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यान्वये चौदा वर्षांखालील मुलास सुरक्षा-पट्टा वा बाल-आसन न दिल्यास एक हजार रुपये दंड आहे. तथापि नवजात बाळ आजीच्या मांडीवरच घरी येते, आणि धडकेच्या क्षणी कितीही मायेचे हात त्याला धरून ठेवू शकत नाहीत. ज्यांच्या घरी अपुऱ्या दिवसांचे बाळ यावयाचे आहे, त्यांनी रुग्णालयातून रजा घेण्यापूर्वी डॉक्टरांना आवर्जून विचारावे : हे बाळ निमबैठ्या स्थितीत किती वेळ राहू शकेल? आणि वाटेत एका जाणत्या माणसाने मागे, बाळाच्या शेजारी बसावे.