झील धरणारे

डफ वाजवण्याआधी शेकावा लागतो. आमच्याकडे त्यासाठी पऱ्हाटी लावत. वेचणी संपल्यावर उपटून आणलेल्या कपाशीच्या वाळक्या काड्यांचा भारा प्रत्येक घरामागे रचलेला असायचा. त्यातल्या मूठभर काड्या मोडून पेटवायच्या आणि डफाचे कातडे आचेवर गोल फिरवायचे. दव पडून सैल झालेले कातडे हळूहळू ताणत जाते. मधून मधून टिचकी मारून बघायचे. आधी नुसता 'भद्द' असा आवाज येतो, मग एका क्षणी 'ठण्ण'. तो ठण्ण कानावर आला की आबा डफ शाहिराच्या हाती देत आणि स्वतः तुणतुणे उचलून मागच्या रांगेत जाऊन उभे राहत.

आबा म्हणजे माझे आजोबा. गिरणीत कामाला, आणि रात्री गावच्या फडात झीलकरी. डफवाला पुढे, झीलकरी मागे. पुढच्याचे नाव पत्रकावर छापतात. मागच्यांसाठी 'आणि पार्टी' एवढे दोन शब्द असतात.

झील म्हणजे नुसते ध्रुपद नव्हे. शाहीर पोवाड्याचा चौक म्हणतो, तो झरझर, एका दमात, अर्धा गात नि अर्धा बोलत. त्याची ओळ संपायच्या किंचित आधी झीलकरी तिचे शेवटचे अक्षर उचलतात, वरच्या सुरात नेतात आणि 'जी जी रं जी' म्हणत तिथेच धरून ठेवतात. तेवढ्या अवकाशात शाहीर श्वास घेतो, घाम पुसतो, पुढचा चौक आठवतो. झील लवकर आली तर ओळ कापली जाते. उशिरा आली तर मधे खड्डा पडतो आणि लोकांचे लक्ष उडते. तुणतुण्याची एकच तार असते, तिचा एकच सूर. तो सूर कानात ठेवून, एक तळवा कानामागे धरून, दोघातिघांनी एकाच वेळी उडी मारायची. आबा म्हणत, "झील तुटनी का गानं गयं." शाहीर कितीही मोठा असो, मागची माणसे चुकली की त्याचा पोवाडा म्हणजे नुसते भाषण होते, असे त्यांचे ठाम मत होते. माझेही आहे.

म्हणूनच लाल बावटा कलापथकाबद्दल लिहायचे ठरवले तेव्हा मला सुरुवात मागच्या रांगेपासून करावीशी वाटली.

हे पथक १९४४ साली मुंबईत उभे राहिले. तिघे शाहीर त्याचे कर्ते: अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर. तिघेही कम्युनिस्ट पक्षाचे. आदल्या वर्षी, १९४३ मध्ये, मुंबईतच इप्टा ही नाट्यसंघटना स्थापन झाली होती आणि नाटक-गाण्यातून लोकांपर्यंत जाण्याची कल्पना देशभर मूळ धरत होती. पण या तिघांना कुणाची नक्कल करायची गरज नव्हती. अण्णाभाऊ सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावचे, मातंग समाजातले. शाळा दीड दिवसाची. चुलतभाऊ बापू साठे यांच्या तमाशाच्या फडात वावरलेले. अमर शेख बार्शीचे. मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. आईच्या ओव्या ऐकत वाढले आणि बार्शीच्या गिरणीतल्या लढ्यातून चळवळीत आले. एकाच्या हातात लेखणी, दुसऱ्याच्या गळ्यात पहाडी आवाज. गवाणकर लिहीतही आणि गातही. या दोन मोठ्या नावांच्या मध्ये त्यांचे नाव दबून जाते याचे मला नेहमी वाईट वाटते, कारण पथक उभे राहते ते तिसऱ्या माणसावर.

आम्हा खान्देशच्या लोकांचे या पथकाशी नाते अमळनेरमुळे आहे. बोरी नदीकाठचे हे गाव सखाराम महाराजांचे, प्रताप शेठजींचे, साने गुरुजींनी ज्या शाळेत शिकवले त्या शाळेचे. १९०६ साली प्रताप मिल निघाली आणि गाव भोंग्यावर उठू लागले. १९४६ मध्ये इथल्या गिरणी कामगारांवर गोळीबार झाला, कामगार मेले. त्यावर अण्णाभाऊंनी पोवाडा लिहिला, 'अमळनेरचे अमर हुतात्मे'. अण्णाभाऊंच्या पोवाड्यांची यादी नजरेखालून घाला: स्टालिनग्राड, बर्लिन, बंगालचा दुष्काळ, तेलंगण, पंजाब-दिल्लीचा दंगा. जगाच्या या नकाशात आमचे अमळनेर आहे. पोवाडा पूर्वी लढायांचा असे, गडकोट घेणाऱ्या सरदारांचा. साच्यावर उभ्या राहणाऱ्या माणसाचे मरण त्या चालीत बसवणे, आणि त्याला हुतात्मा म्हणणे, ही १९४० च्या दशकात केवढी मोठी गोष्ट होती! मजुरीवाढ मागणाऱ्या माणसाला तोवर डोकेफिरू म्हणत.

कपाशीचाच धागा धरून थोडे लांब जातो. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चालले. दक्षिणेतला, गुलामांच्या हातून वेचलेला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि लँकेशायरची नजर वऱ्हाड-खान्देशाकडे वळली. भाव आभाळाला भिडले, आगगाडी आली, पेढ्या आल्या, आमची काळी जमीन बघता बघता पांढरी झाली. युद्ध संपले तसे भाव कोसळले आणि कर्ज तेवढे मागे राहिले. तिकडे अमेरिकेत त्या कापसाच्या शेतांत राबणाऱ्या गुलामांत काम करता करता एकाने हाक द्यायची आणि बाकीच्यांनी ओ द्यायची, अशी गाण्याची रीत होती. पुढे त्यांची नातवंडे-पतवंडे पोटासाठी उत्तरेच्या कारखान्यांत गेली आणि ती हाक-ओ शहरात आली. त्यांच्या संगीताला आधी तिथल्या धंद्यात वर्णावरून नाव होते. १९४९ मध्ये 'बिलबोर्ड' या व्यापारी साप्ताहिकाने ते टाकून 'रिदम अँड ब्लूज' म्हणायला सुरुवात केली. दहा वर्षांनी, १९५९ साली, डेट्रॉइटमध्ये बेरी गॉर्डीने ध्वनिमुद्रिकांची कंपनी काढली. तो त्याआधी मोटारीच्या कारखान्यात जुळणीच्या पट्ट्यावर उभा राहिलेला माणूस.

त्या कंपनीतल्या फोर टॉप्स या चौघांची गाणी मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा इंग्रजी शब्द निम्मे कळले नाहीत. पण लीव्हाय स्टब्जची ओळ संपायच्या आधीच मागचे तिघे तिचे टोक उचलतात, ते मात्र लगेच कळले. ही झील होती. अर्थ नसलेली अक्षरे, वरचा सूर, पुढच्याला मिळणारा श्वास, सगळे तेच. हे चौघे १९५० च्या दशकात एकत्र आले आणि १९९७ मध्ये लॉरेन्स पेटन वारला तोवर तेच चौघे राहिले. चाळीसहून अधिक वर्षे! त्याच कंपनीच्या सुप्रीम्सचे मात्र १९६७ मध्ये नाव बदलून 'डायना रॉस अँड द सुप्रीम्स' झाले. पुढचीचे नाव वेगळे निघाले आणि मागच्या दोघी 'आणि पार्टी' झाल्या. गाणाऱ्या पथकाच्या आयुष्यात हे वळण बहुधा येतेच.

लाल बावटा पथकाच्या आयुष्यातली पहिली चार-पाच वर्षे अशी आहेत की वाचताना दम लागतो. कामगार वस्त्या, किसान सभेचे मेळावे, संपाच्या सभा. अण्णाभाऊंनी तमाशाचा साचा घेतला आणि आतला ऐवज बदलला. तमाशात आधी गण, मग गौळण, बतावणी, लावणी, वग. अण्णाभाऊंनी गणात गणपतीच्या जागी मायभूमीला, राबणाऱ्यांना आणि हुतात्म्यांना वंदन आणले आणि गौळण काढून टाकली. 'अकलेची गोष्ट', 'देशभक्त घोटाळे', 'शेटजींचे इलेक्शन' या वगांत सावकार, काळाबाजारवाले, मतांचे व्यापारी उघडे पडू लागले. लोक हसत, आणि हसता हसता आपल्याच गावच्या सावकाराचे नाव घेत. याला हत्यार फार लागत नसे. एक डफ, एक ढोलकी, तुणतुणे, मंजिऱ्या. पडदा नाही, रंगपट नाही. लॉरीच्या फळीवर किंवा ओट्यावर उभे राहिले की झाला फड.

सरकारला हे खपले नाही. स्वातंत्र्य आले, पण मुंबई राज्यात तमाशावर बंदी आली आणि या पथकाच्या कार्यक्रमांवरही वरवंटा फिरला. अण्णाभाऊंनी मग आपल्या वगांना 'लोकनाट्य' म्हटले. हा शब्द आज इतका रुळला आहे की तमाशाच्या प्रत्येक तंबूवर, आमच्या खान्देशातल्या फडांच्याही, 'लोकनाट्य तमाशा मंडळ' असेच लिहिलेले असते. फड टिकवायला काढलेली एक वाट पुढे अख्ख्या धंद्याचे नाव होऊन बसली.

बंदी, धरपकड, भूमिगत होणे, पक्षातले ताण या सगळ्यात पथक विस्कटले. अमर शेखांनी स्वतःचे कलापथक बांधले. अण्णाभाऊ कथा-कादंबऱ्यांकडे वळले. १९५९ मध्ये 'फकिरा' आली आणि १९६१ मध्ये तिला राज्य सरकारचे पारितोषिक मिळाले. ज्याने मुंबईच्या लेबर कँपात बसून स्टालिनग्राडचा पोवाडा लिहिला, तो त्याच १९६१ साली रशियाला जाऊन आला.

पण तिघांचे आवाज पुन्हा एकाच मैदानात आले ते संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात. 'माझी मैना गावावर राहिली' ही अण्णाभाऊंची छक्कड त्या काळातली. मुंबईला पोटासाठी आलेला गडी गावी राहिलेल्या बायकोसाठी झुरतो. लोक ती विरहाची लावणी म्हणून ऐकत असतात, आणि ऐकता ऐकता ती मैना म्हणजे महाराष्ट्रापासून तुटलेला मुलूख होते. बेळगाव, कारवार, निपाणीबरोबर त्यात डांग येतो, आणि डांग हा शब्द आला की साक्री-नवापूरकडचा माणूस ताठ बसतो, कारण डांग त्याच्या शेजारी आहे. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला, डांग गुजरातेत गेला, आणि पश्चिम खान्देशातली नवापूर, नंदुरबार, तळोदा, अक्कलकुवा या तालुक्यांतली काही गावेही गेली. आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना ती छक्कड नुसती जुने गाणे वाटत नसे.

अमर शेखांचा आवाज ज्यांनी मैदानात ऐकला ते अजूनही तो सांगताना हात वर करतात, जणू तो आवाज उंचीनेच मोजायचा. आचार्य अत्र्यांनी त्यांना महाराष्ट्राचा मायकोव्हस्की म्हटले. 'कलश' आणि 'धरतीमाता' हे त्यांचे काव्यसंग्रह निघाले, 'प्रपंच'सारख्या चित्रपटात ते दिसले. अण्णाभाऊ मात्र घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडीत राहून लिहीत होते. दोघांची वाट वेगळी झाली होती आणि शेवट मात्र जवळजवळ आला. १८ जुलै १९६९ ला अण्णाभाऊ गेले, अवघ्या एकोणपन्नासाव्या वर्षी. सहा आठवड्यांनी, २९ ऑगस्टला, इंदापूरजवळ मोटार अपघातात अमर शेख गेले.

दोघांचीही नावे आज रस्त्यांना, सभागृहांना आहेत आणि ती असायलाच हवीत. अण्णाभाऊंची जयंती तर १ ऑगस्टला धुळ्या-जळगावच्या चौकाचौकांत डफ-ढोलकीने साजरी होते. पण या पथकाच्या फळीवर मागे उभे राहून ज्यांनी तुणतुणे धरले, मंजिऱ्या वाजवल्या, ज्यांच्या दमावर अमर शेखांनी आपला दम घेतला, त्यांची नावे माझ्या वाचनात क्वचितच आली. लाठी त्यांनाही बसली असणार. घरी चूल त्यांचीही विझली असणार. मराठीत शाहिरांची चरित्रे झाली, झीलकऱ्यांचे एकही चरित्र माझ्या कपाटात नाही. जिवंत असलेल्या जुन्या फडकऱ्यांना, त्यांच्या मुलाबाळांना कुणी तरी जाऊन भेटावे, कोण कुठे उभे राहत होते ते तरी लिहून घ्यावे.

आबा थकल्यावर ओट्यावर बसून गुणगुणत. मला लहानपणी त्याचा उलगडा होत नसे. ते बराच वेळ गप्प राहत, ओठ मिटलेले, एक बोट मांडीवर ठेका धरून, आणि मग एकाएकी वरच्या सुरात 'जी जी रं जी' म्हणून पुन्हा गप्प. शाहिराच्या ओळी ते म्हणतच नसत. ते त्यांचे काम नव्हते. त्या ओळींचा वेळ तेवढा मोजून सोडत आणि आपली जागा आली की उचलत. पुढे मोठेपणी अण्णाभाऊंचे पोवाडे पुस्तकात वाचले. चौक संपत आला की माझे बोट आपोआप मांडीवर पडू लागले. झील कुठे यायची ते मला आधीच माहीत होते.