मस्कतची दहावी, लातूरची बारावी

मस्कतच्या मावसभावाने मुलीला दहावीनंतर लातूरला ठेवलं. नीटची तयारी तिथे चांगली होते, त्यात वाद नाही. पण त्याचा हिशेब वेगळा होता : दोन वर्षं महाराष्ट्रात काढली की पोरगी राज्याच्या कोट्यात बसेल. जुलैत फोन आला. "अरे, आपण मूळचे सातारचे. आजोबांच्या नावावर सातबारा आहे. आणि आपणच बाहेरचे?"

सातबारा दाखवून एमबीबीएसला प्रवेश मिळत नाही. सरकारी महाविद्यालयांतल्या ८५ टक्के राज्य कोट्यासाठी अधिवास दाखला तर लागतोच, शिवाय मोजके अपवाद सोडले तर दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली लागते. पोरीची दहावी मस्कतची. इंजिनीअरिंगचे नियम त्या मानाने सैल आहेत. तिथे आई किंवा वडिलांचा अधिवास दाखलाही चालतो.

अकरावी-बारावी इकडे झाल्यामुळे दुसरं दारही बंद झालं. एनआयटींमध्ये 'दासा' योजनेतून परदेशात शिकलेल्या मुलांना जागा मिळतात, पण त्यासाठी अकरावी-बारावी बाहेरच व्हावी लागते. आखातातल्या नोकरदारांच्या मुलांना तर या योजनेत इतरांसारखी डॉलरमधली फी न लावता इथल्या मुलांइतकीच शिकवणी फी असते. तेलही गेलं, तूपही गेलं! 'दासा' म्हणजे परीक्षेविना प्रवेश, हाही जुना समज. पूर्वी सॅटच्या विषयवार परीक्षा चालत. त्या २०२१ मध्ये बंद झाल्या आणि आता जेईई मेनचा क्रमांक लागतो. आयआयटीत तर एनआरआय कोटा नाहीच. तिथे सगळे एकाच रांगेत, जेईई ॲडव्हान्स्डच्या.

हातात उरलं काय? भारतीय पासपोर्ट असल्याने नीटच्या अखिल भारतीय १५ टक्के जागा, आणि खासगी महाविद्यालयांतला एनआरआय कोटा. तोही जास्तीत जास्त १५ टक्केच. ही मर्यादा सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली इनामदार खटल्यात घातली. पण म्हणून दोन्हींची गल्लत करू नका. एनआरआय कोट्याची फी भलीमोठी असते, आणि "पैसे भरले की सीट" हेही खरं नाही. नीट पात्रता तिथेही सुटत नाही. परदेशातला मामा किंवा काका कागदोपत्री उभा करायची युक्ती ऐकवणारे एजंट भेटतात, त्यांना दारातूनच परत पाठवा. पंजाब सरकारने अशा लांबच्या नातलगांनाही कोटा खुला केला होता. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला सरळ फसवणूक म्हटलं.

त्याच आठवड्यात भावाच्या न्यू जर्सीतल्या बहिणीचा फोन. तिचा मुलगा तिथलाच जन्मलेला, अमेरिकन पासपोर्टवाला. "ओसीआय आहे त्याच्याकडे, म्हणजे भारतीयच की!" मतदान आणि शेतजमीन सोडून बाकी सगळं सारखंच, असं तिला कुणीतरी सांगितलेलं. प्रवेशापुरतं ते चूक आहे. ४ मार्च २०२१ च्या केंद्राच्या अधिसूचनेनुसार ओसीआयधारकाला फक्त एनआरआय किंवा अतिरिक्त जागा मिळतात. निव्वळ भारतीयांसाठीच्या जागांवर हक्क नाही. मात्र २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की त्या तारखेआधी ज्यांनी कार्ड घेतलं त्यांना हे बंधन नाही.

"कार्ड काढ आणि तारीख वाच," मी म्हटलं. पलीकडे कपाट उघडल्याचा आवाज, मग कागदांची चाळवाचाळव.

"ऑक्टोबर २०१९."