तत्त्वज्ञान शिकून पोरगी काय करणार?

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. वर्षावासात ग्रंथवाचनासाठी आम्ही जोतिबाच्या डोंगरावर, वाडी रत्नागिरीला एका घरी गेलो होतो. वाचन आटोपले, चहा झाला आणि घरच्या कर्त्या गृहस्थाने आम्हांला बाजूला घेतले.

"साहेब, आमच्या पोरीला जरा समजावून सांगा. बारावीला मार्क चांगलं पडल्यात. बँकेच्या परीक्षेला उपयोगी पडंल असं काहीतरी घे म्हणतोय, तर ही तत्त्वज्ञान घेणार म्हणती. ते शिकून पोरगी काय करणार? यात्रेत गुलाल इकायला तत्त्वज्ञान लागतंय व्हय?"

गृहस्थ चैत्र यात्रेत दुकानावर राबणारा आणि उरलेले वर्ष सेंट्रिंगच्या कामावर जाणारा. त्याचे बोलणे हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. आम्ही तोंड उघडणार, तोच आतून मुलीची आई म्हणाली, "आधी सायबांस्नी इचारा, त्यांनी काय घेतलं हुतं?"

आम्ही घेतले होते कॉमर्स. आमच्या वडिलांनाही हीच काळजी होती. बी.कॉम. झालो, कारकून झालो, चूल पेटली, भावंडे शिकली. त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण एक प्रसंग आम्ही त्या घरात सांगितला, तो इथेही सांगतो. एका बुद्धपौर्णिमेला आमचे भाषण झाल्यावर एक कॉलेजकुमार उठला आणि म्हणाला, "काका, बुद्धांनी आत्मा नाकारला. मग कर्माचे फळ कोणाला मिळते?" आम्ही घाम पुसला आणि वेळ संपल्याचे सांगितले. वीस वर्षे व्यासपीठावर बोलणाऱ्या माणसाला आपल्याच धम्मातला हा सर्वांत जुना प्रश्न नीट मांडता आला नाही. उत्तर ग्रंथांत आहे. पण ते शोधायचे कसे, तपासायचे कसे, हे आम्हांला कोणी शिकवलेच नव्हते. तत्त्वज्ञान हा विषय नेमके हेच शिकवतो.

बी.ए.ला हा विषय घेतला की तर्कशास्त्र येते, नीतिशास्त्र येते, भारतीय आणि पाश्चात्त्य विचार येतो. समोरच्याच्या बोलण्यात गृहीत काय आणि सिद्ध काय, हे ओळखायची सवय लागते. ज्याला ग्रामसभेत बोलायचे आहे, वकिली करायची आहे, स्पर्धा परीक्षेचा निबंध लिहायचा आहे, त्याला ही सवय फुकट जात नाही.

मुलीचे वडील म्हणाले, "पण हितल्या कॉलेजात शिकून काय उपयोग? असलं शिकायचं तर पुण्या-मुंबईला." हा गैरसमज आपल्या समाजात घट्ट बसला आहे. जवळचे कॉलेज म्हणजे दुय्यम, आणि खरे शिक्षण म्हणजे मोठे विद्यापीठ! आम्ही म्हणतो, जवळचे कॉलेज ही पहिली पायरी आहे. पायरी वगळून कोणी माडीवर जात नाही.

जोतिबाच्या डोंगराच्या पायथ्याला पोहाळे गावाजवळ बौद्ध लेणी आहेत. खांबांचा मंडप आणि भोवती भिक्खूंच्या लहान लहान खोल्या. यात्रेला येणारे हजारो लोक त्या बाजूला फिरकत नाहीत. पण अशी विहारे म्हणजे त्या काळची शिकण्याची जागाच होती. सातव्या शतकात नालंदा पाहिलेला चिनी भिक्खू युआन श्वांग लिहून ठेवतो, की तिथे दारातच कठीण प्रश्न विचारले जात आणि आलेल्या दहांपैकी सात-आठ जण परत फिरत. जे आत गेले, ते आधी कुठेतरी शिकूनच आले असणार. खुद्द युआन श्वांग चीनमधल्या मठांत आणि वाटेवरच्या विहारांत वर्षानुवर्षे शिकून मग नालंदेला पोहोचला होता.

अलीकडचे उदाहरण कोल्हापूरच्याच विद्यापीठाशी जोडलेले आहे. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी शिवाजी विद्यापीठाचे उद्घाटन राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते झाले. हे गृहस्थ आधी वेल्लोरच्या व्हूरहीस कॉलेजात शिकले आणि तिथून मद्रासच्या ख्रिश्चन कॉलेजात गेले. तत्त्वज्ञान का घेतले? पैशांची ओढ होती आणि त्याच विषयात पदवीधर झालेल्या चुलतभावाची पुस्तके आयती मिळाली म्हणून! बुद्धांचा विचार उपनिषदांच्या पोटातून आला, ही त्यांची मांडणी आम्हांला मुळीच मान्य नाही. पण ती खोडायची तर घोषणा पुरत नाही. त्यांनी वाचले तेवढे वाचून, त्यांच्याच आखाड्यात उतरावे लागते. आपल्या मुली-मुलांनी तत्त्वज्ञान शिकावे असे आम्ही म्हणतो, त्याचे मोठे कारण हेच आहे.

आणि बाबासाहेब? एल्फिन्स्टनमधून पदवी घेऊन ते १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले. मुख्य विषय अर्थशास्त्र, पण जोडीला समाजशास्त्र, इतिहास, मानववंशशास्त्र आणि तत्त्वज्ञानही होते. तिथले तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक जॉन ड्युई यांचे ऋण त्यांनी १९३६ च्या 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये मान्य केले आहे. पुढे लंडनचे शिक्षण १९१७ साली शिष्यवृत्ती संपल्याने अर्धवट राहिले. चार वर्षांच्या आत परत येऊन ते पुरे करण्याची परवानगी मात्र त्यांनी मिळवून ठेवली होती. मुंबईत नोकरी केली, पैसे साठवले. १९२० च्या मार्चमध्ये आपल्याच जिल्ह्यात माणगावची परिषद झाली. त्याच वर्षी ते पुन्हा लंडनला गेले; राजर्षी शाहू महाराजांचीही मदत झाली. १९२३ साली डी.एस्सी. मिळाली. खंड पडला म्हणून शिक्षण संपत नाही, हा धडा त्यांनी जगून दाखवला.

अमेरिकेत हा टप्प्याटप्प्याचा मार्ग कायद्याने आणि व्यवहाराने रुळला आहे. इलिनॉय राज्यातल्या जोलिएट गावी १९०१ साली असे पहिले दोन वर्षांचे सरकारी कॉलेज निघाले. कामगारांची मुले घराजवळच्या कम्युनिटी कॉलेजात कमी खर्चात दोन वर्षे शिकतात आणि तिथले श्रेयांक घेऊन विद्यापीठात पुढच्या वर्षाला जातात. आपल्याकडे 'कम्युनिटी कॉलेज' हे नाव कौशल्याच्या अभ्यासक्रमांना दिले गेले. मात्र तशी सोय आता आपल्याकडेही येऊ लागली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ साली श्रेयांकांची बँक सुरू केली. डिजिलॉकरवरून विद्यार्थ्याचे खाते निघते आणि पास झालेल्या विषयांचे श्रेयांक त्यात जमा होतात. एका वर्षाला साधारण ४० ते ४४ श्रेयांक. एक वर्षानंतर थांबले तर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी, चौथे वर्ष केले तर ऑनर्स. जमा श्रेयांक सर्वसाधारणपणे सात वर्षे उपयोगात आणता येतात. बाबासाहेबांना जी परवानगी खटपट करून मिळवावी लागली, ती आता नियमात आली आहे. मुलीचे लग्न, वडिलांचे आजारपण यांत शिक्षण तुटणाऱ्या आपल्या घरांनी हे नीट समजून घ्यावे.

आता व्यवहाराच्या चार गोष्टी.

पहिली : प्रवेशाआधी कॉलेजात जाऊन विचारा, की तत्त्वज्ञान तिसऱ्या वर्षापर्यंत मुख्य विषय म्हणून आहे का? पुष्कळ ठिकाणी पहिल्या वर्षी विषय असतो आणि मुले कमी म्हणून पुढे मिळत नाही. आमच्या या मुलीवर हीच वेळ आली होती. डोंगराजवळचे सोयीचे कॉलेज सोडून तिने शहरातले दुसरे धरले. रोज एस.टी.ने सतरा-अठरा किलोमीटर खाली आणि तेवढेच वर.

दुसरी : दोन वर्षांनंतर विद्यापीठ बदलता येते हे खरे, पण समोर जागा रिकामी हवी आणि विषय जुळायला हवेत. वसतिगृहाचा प्रश्नही ऐन वेळी सुटत नाही. म्हणून खास कारण नसेल, तर पदवी इथे पुरी करून एम.ए.ला जाणे सोपे. तीन वर्षांच्या पदवीनंतर एम.ए. दोन वर्षांचे, चार वर्षांनंतर एकच वर्षाचे. पुणे आणि मुंबई विद्यापीठांत तत्त्वज्ञानाचे स्वतंत्र विभाग आहेत. दिल्लीचे जवाहरलाल नेहरू विद्यापीठ किंवा हैदराबाद विद्यापीठ हवे असेल, तर सीयूईटी-पीजी ही परीक्षा द्यावी लागते.

तिसरी : पैसा. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती महाडीबीटीवर दर वर्षी वेळेत भरा. शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. जातीचा व उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका, बँकेचे पासबुक यांची एक फाईल घरात ठेवा. आम्ही कारकून आहोत. एका कागदापायी वर्ष बुडालेले आम्ही पाहिले आहे.

चौथी : मराठीत समजून घ्या, पण इंग्रजीची भीती पहिल्याच वर्षी मोडा. श्रीनिवास हरी दीक्षित यांच्या 'भारतीय तत्त्वज्ञान'सारखी मराठी पुस्तके पाया पक्का करतात. पुढे विद्यापीठात मात्र बहुतेक वाचन इंग्रजीत असते. रोज एक पान, शब्दकोश मांडीवर घेऊन. नोकरीचे म्हणाल तर प्राध्यापकीसाठी नेट-सेट आहे. नेटला तत्त्वज्ञान हा विषय आहे, तसाच बौद्ध, जैन, गांधीवादी व शांतता अध्ययन हाही आहे. प्राध्यापकांच्या जागा थोड्या आहेत, हे आम्ही लपवणार नाही. म्हणून पदवी चालू असतानाच स्पर्धा परीक्षेचीही तयारी ठेवावी.

हे सगळे आम्ही त्या घरी सांगितले. वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तीन वर्सं हितं शिकू दे. पुढचं पुढं बघू." आम्हांला तेवढे पुरे होते.

मुलीची दोन वर्षे आता पुरी झाली आहेत. परवा डोंगरावर गेलो, तर ती वडिलांशी वाद घालत होती. यात्रेच्या दिवसांतली मजुरी मुकादमाने कमी दिली होती आणि "दर साली असंच असतंय" म्हणून वडील गप्प बसणार होते.

मुलगी म्हणाली, "आबा, दर साली असतंय म्हणून ते बरोबर कसं झालं?"

वडिलांनी आमच्याकडे पाहिले. आम्ही चहाचा कप खाली ठेवला. ते उठले, पायांत चपला घातल्या आणि मुकादमाच्या घराकडे निघाले. मुलगी हिशेबाची वही घेऊन त्यांच्या मागोमाग गेली.