पर्शियन मांजरांचा घरखर्च

पालेगावात नव्याने राहायला आलेल्या माणसाला, आमच्या घरी पर्शियन मांजरांची पैदास होते हे कळलं की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. ‘एका वेतामागे किती सुटतात?’ प्रश्न रास्त आहे. इथे, अंबरनाथ पूर्वेला, शेतांच्या जागी टॉवर उभे राहिले. त्यांत आलेली आमच्यासारखी कुटुंबं घराचे हप्ते फेडताहेत, नोकऱ्या ठाण्याला नाहीतर मुंबईला. घरबसल्या जोडउत्पन्न कोणाला नको असतं? मोबाइलवर पंधरा-वीस हजारांना पिल्लू विकायला असल्याची जाहिरात दिसते आणि चार पिल्लांचे साठ-ऐंशी हजार डोळ्यांपुढे उभे राहतात. अशा प्रत्येकाला मी माझी खर्चाची वही दाखवते. कित्येक वर्षांच्या नोंदी आहेत तिच्यात, आणि त्या एकच गोष्ट सांगतात. जातिवंत मांजरांची पैदास नीट केली तर हाती फार काही राहत नाही. जिथे भरघोस नफा दिसतो तिथे कुठला तरी खर्च गाळलेला असतो, आणि तो मांजराच्या वाट्याचा असतो.

आधी थोडा इतिहास, कारण तो आपल्या बाजूने जातो. पिएत्रो देला व्हाले या इटालियन प्रवाशाने १६२० च्या सुमारास इराणातून लिहिलेल्या पत्रात खोरासानच्या लांब केसांच्या मांजरांचं वर्णन केलं. पोर्तुगीजांनी ती इराणातून हिंदुस्थानात नेली, असंही त्याने नोंदवलं. हाच गृहस्थ १६२३ मध्ये गोव्याला आला. पुढे माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन पुण्याला पेशव्यांच्या दरबारात रेसिडेंट असताना, १८१५ मध्ये, त्याचा काबूलवरचा ग्रंथ निघाला. ‘पर्शियन’ म्हणून विकली जाणारी मांजरं खरं तर काबूलच्या बाजूने बाहेर जातात, असं त्यात आहे. १८७१ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मोठं मांजर-प्रदर्शन भरलं आणि जातींचे ठरीव नमुने, वंशावळी, बक्षिसं हे सगळं सुरू झालं. आज आपल्याकडच्या बाजारात डॉल फेस, सेमी पंच, पंच फेस असे नाकाच्या चपटेपणावरून भाव ठरतात. नाक जितकं आत, तितकी किंमत वर. मला हे पटत नाही. अति चपट्या तोंडाच्या मांजराला श्वासाचा त्रास होतो, डोळे सतत पाझरतात, दात वेडेवाकडे येतात, आणि त्या डोळ्यांचा नि दातांचा खर्च पुढे ज्याच्या घरी मांजर जातं त्याच्या माथी बसतो. आमच्याकडे सगळ्यांत कमी चपटी, डॉल फेसच आहेत.

आता वही. एक मांजरी, एक बोका, वर्षाला एकच वेत, वेतात चार पिल्लं असं धरू. मोठं मांजर दिवसाला पन्नास-साठ ग्रॅम कोरडं खाद्य खातं. बऱ्या प्रतीचं खाद्य किलोला सात-आठशे रुपये पडतं आणि त्यात १८ टक्के जीएसटी असतो. दोघांचं खाणं आणि वाळू मिळून वर्षाला अडतीस हजारांच्या आसपास जातात. मांजरी गाभण राहिली की साधारण ६३ ते ६७ दिवसांनी विते. पिल्लं अंगावर पीत असताना तिला नेहमीच्या दुपटी-तिपटीने खायला लागतं, त्याचे चार हजार. तिची सोनोग्राफी आणि डॉक्टरांच्या फेऱ्या, साडेतीन हजार. पिल्लं चौथ्या आठवड्यापासून खायला लागतात. बाराव्या आठवड्यापर्यंत चौघांचं मिळून आठ किलो खाद्य, म्हणजे साडेसहा हजार. ट्रायकॅट लशीचे प्रत्येकी दोन डोस, आठ हजार. रेबीजची लस आणि जंताचं औषध, अडीच हजार. पिल्लांची वाळू दोन हजार, वाढीव वीज साडेचार हजार. म्हणजे वेताचे एकतीस हजार वेगळे. एकूण सत्तर हजारांच्या घरात आकडा गेला, आणि यात सिझेरियन धरलेलं नाही. ते करावं लागलं तर दहा-पंधरा हजार आणखी. चारांतलं एखादं पिल्लू दगावतं, एखादं आपणच ठेवून घेतो. उरलेली दोन-तीन पंधरा हजारांच्या भावाने गेली तरी वही तोट्यातच बंद होते. या यादीतली सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत कामाची वस्तू म्हणजे स्वयंपाकघरातला डिजिटल काटा. जन्मतः शंभर ग्रॅमच्या आसपास असलेलं पिल्लू रोज दहा-पंधरा ग्रॅमने वाढलं पाहिजे. वाढ थांबली की काही तरी बिनसलंय, हे डोळ्यांना कळण्याआधी काट्याला कळतं.

गाळला जाणारा पहिला खर्च तपासण्यांचा. पर्शियन घराण्यात मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याचा आनुवंशिक आजार आहे, पीकेडी. आईबापांपैकी एकाकडून जरी तो जनुक आला तरी आजार उतरतो, म्हणजे दर पिल्लामागे निम्मी शक्यता. त्या जनुकातला बिघाड २००४ मध्ये सापडला आणि तेव्हापासून गालाच्या आतल्या लाळेवरून चाचणी करता येते. तेवढं जमलं नाही तर दहा महिन्यांनंतर चांगल्या डॉक्टरकडून सोनोग्राफी तरी करावी. आजारी मांजर तीन-चार वर्षांचं होईपर्यंत धडधाकट दिसतं, तोवर त्याची दोन-तीन वेतं विकून झालेली असतात. दुसरी तपासणी रक्तगटाची. मांजरांत ए आणि बी हे मुख्य गट. पर्शियनांत बी गटाची मांजरं दुर्मीळ नाहीत. बी गटाच्या आईला ए गटाच्या बोक्यापासून झालेली ए गटाची पिल्लं पहिल्या दिवशी तिचं चीक-दूध प्यायली, तर त्या दुधातून आलेल्या प्रतिपिंडांनी पिल्लांच्या रक्तपेशी फुटतात. धष्टपुष्ट जन्मलेली पिल्लं दोन-तीन दिवसांत जातात. लोक ‘नजर लागली’ म्हणतात. जोडी लावण्याआधी एक रक्तचाचणी केली की हे टळतं. आणि एवढं होऊनही तशी जोडी लागलीच, तर पहिले चोवीस तास पिल्लांना आईपासून दूर ठेवून बाटलीने दूध पाजायचं. रात्रभर जागरण होतं, पण पिल्लं वाचतात.

खाण्यावर वाचवायला जाणारे बहुतेक जण चिकनकडे वळतात. वळायला हरकत नाही, पण नुसतं उकडलेलं चिकन हा मांजराचा पूर्ण आहार नव्हे. त्यात कॅल्शियम नसल्यासारखंच असतं आणि उकळलेलं पाणी फेकलं तर टॉरिनही जातं. टॉरिन कमी पडलं की मांजराची दृष्टी जाते, हे १९७५ मध्ये आणि हृदय ढिलं पडतं, हे १९८७ मध्ये सिद्ध झालं. चिकनवाल्याकडून कलेजी-पेट्याबरोबर कोंबडीची हृदयं मागून घ्या, त्यांत टॉरिन भरपूर असतं. कलेजी मात्र बेताने. आमच्याकडे कोरडं खाद्य मुख्य आणि हे वरचं.

आणि आता वाळू. मांजरवाल्या घरातला खरा हिशोब इथे लागतो असं माझं ठाम मत आहे, आणि या विषयावर माझ्याशी कोणी बोलायला बसलं तर चहा दोनदा होतो.

मांजराचे पूर्वज आफ्रिका आणि पश्चिम आशियातल्या कोरड्या प्रदेशातले. त्यांची मूत्रपिंडं पाणी राखून लघवी अगदी दाट करतात. त्या दाट लघवीतल्या युरियाचा जिवाणू अमोनिया करतात आणि तोच आपल्या नाकात जातो. मोकळ्या मातीत खड्डा करून झाकणं हे मांजराला कोणी शिकवावं लागत नाही. आपण फ्लॅटमध्ये त्याला माती उपलब्ध करून द्यायची, एवढंच. पूर्वी आपल्याकडे चुलीची राख असायची, अमेरिकेतही घराघरांत राखच वापरत. १९४७ मध्ये मिशिगन राज्यातल्या कॅसोपोलिस गावी एका शेजारणीने एड लोव या तरुणाकडे राखेऐवजी वाळू मागितली. त्याच्या गाडीत कारखान्यात सांडलेलं तेल टिपायची माती होती, आपल्याकडे जी मुलतानी माती म्हणून तोंडाला लावतात त्याच कुळातली. ती त्याने दिली. मग पाच पौंडांच्या पिशव्या भरून ६५ सेंटला विकायला लागला आणि त्यातून एक अख्खा उद्योग उभा राहिला. ओली झाली की गोळा होणारी वाळू १९८० च्या दशकात आली. ती म्हणजे बेंटोनाइट.

हे बेंटोनाइट आपल्याकडे कच्छमधून येतं. भुजच्या बाजूला गेलो होतो तेव्हा मोकळ्या माळावर उन्हात वाळत घातलेली ती माती मी बघत राहिले, घरच्यांना रणाकडे जायची घाई होती. ज्या ज्वालामुखीच्या लाव्ह्याने आपला दख्खनचा कातळ घडवला, त्याच लाव्ह्याचे थर झिजून, बदलून कच्छमधली ही माती झाली आहे. अंबरनाथचं शिवमंदिर ज्या काळ्या दगडात १०६० साली उभं राहिलं आणि आमच्या ट्रेमध्ये जी वाळू आहे, त्या दोन्हींचं मूळ एक, हे कळल्यापासून वाळूची गोणी उघडताना मला दर वेळी बरं वाटतं.

पाच किलोची पिशवी घेतली तर किलोला पन्नास-साठ रुपये पडतात. पंचवीस किलोची गोणी चार-पाच मांजरवाल्या घरांनी मिळून मागवली तर दर बराच उतरतो. पालेगावात आम्ही तसंच करतो. एकदा एकाने सुचवलं की टॉवरच्या पायलिंगला बेंटोनाइटच वापरतात, साइटवरून घेऊ. पण ती पूड असते. खड्ड्याच्या भिंती ढासळू नयेत म्हणून तिचा पातळ घोळ करतात. ट्रेमध्ये ती नुसती उडेल आणि मांजराच्या फुप्फुसात जाईल. आपल्याला दाणा हवा, तोही बारीक आणि बिनवासाचा. सुगंधी वाळू माणसासाठी असते, मांजराला ती नकोशी वाटते आणि मग ते गादीवर जातं. ट्रेची लांबी मांजराच्या दीडपट, वाळूचा थर दोन-तीन इंच, आणि ट्रेची संख्या मांजरांपेक्षा एकने जास्त. शेवटची अट लोकांना उधळपट्टी वाटते. उलट एक ट्रे वाढवला की वाळू कमी फुकट जाते, कारण गोळे फुटायच्या आत उचलता येतात.

पिल्लांना मात्र गोळा होणारी वाळू देऊ नये. चौथ्या-पाचव्या आठवड्यात ती दिसेल ते तोंडात घालतात आणि बेंटोनाइट पोटात जाऊन फुगलं तर आतडं अडू शकतं. त्यांना लाकडाच्या भुशाच्या कांड्या द्याव्यात. ओल्या झाल्या की त्यांचा भुसा होतो, तो चाळणीने खाली पाडायचा आणि कोरड्या कांड्या वर ठेवायच्या. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात भुसा फुकटाच्या भावात मिळेल म्हणून मी तिथल्या कारखान्यांतून हिंडले आहे. कारागीर मंडळी प्रेमाने गोणी भरून द्यायला तयार होती. पण त्या भुशात प्लायवूड, एमडीएफ, सगळं एकत्र असतं आणि त्यांना चिकटवणाऱ्या डिंकात फॉर्मल्डिहाइड असतं. नाक जमिनीलगत असलेल्या महिन्याभराच्या पिल्लासाठी तो भुसा नको. निव्वळ सागाचा किंवा पाइनचा, पॉलिश न लागलेला मिळाला तरच घ्यावा. जवळच्या गिरणीतलं भाताचं तूसही लोक वापरतात. ते पाणी शोषत नाही आणि पावसाळ्यात माशा बोलावतं.

पावसाळा हीच वाळूची खरी परीक्षा. जुलैमध्ये आमच्याकडे हवा इतकी ओली असते की गोणीतल्या गोणीत वाळू दमट होते. तेव्हा गोणी घट्ट झाकणाच्या पिंपात, ट्रेमध्ये वाळूखाली चमचाभर खायचा सोडा, आणि दिवसातून दोनदा उपसणं. वापरलेली वाळू संडासात कधीही ओतू नये. ती पाइपात फुगते, आणि खालच्या मजल्यापर्यंत भांडणं जातात.

ट्रे धुताना फिनेल वापरायचं नाही. फिनॉल जातीच्या द्रव्यांचा निचरा करणारी यकृतातली यंत्रणा मांजराकडे अपुरी असते. पाय चाटता चाटता ते पोटात जातं आणि विषबाधा होते. साबणाचं गरम पाणी पुरतं. याच कारणाने ताप आला म्हणून मांजराला पॅरासिटामोलची गोळी देऊ नये, अर्धी सुद्धा नाही. एका गोळीनेही मांजर मरू शकतं.

वाळूनंतर वीज. बदलापूर-अंबरनाथ पट्ट्यात एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या पुढे जातो, आणि पर्शियनच्या अंगावर तर दुहेरी लोकर. महावितरणचे घरगुती टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटला बदलतात. एसीमुळे ३०० ओलांडले की पुढच्या प्रत्येक युनिटचा दर बराच चढतो. म्हणून आम्ही एकच खोली थंड ठेवतो आणि उन्हाळ्यापूर्वी मांजरांची पोटाकडची लोकर बारीक करतो. शक्यतो वेत हिवाळ्यात यावं असं बघतो, कारण पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पेटीत ३० अंशांच्या आसपास ऊब लागते आणि ती एका छोट्या दिव्याने भागते.

उजेडाचाही संबंध आहे. मांजरी दिवस मोठा झाला की माजावर येते. आपल्या अक्षांशावर सगळ्यांत लहान दिवसही सुमारे अकरा तासांचा, त्यात रात्री साडेअकरापर्यंत ट्यूबलाइट. मग ती वर्षभर, दर दोन-तीन आठवड्यांनी माजावर येत राहते, रात्ररात्र ओरडते आणि वाळते. आमच्या मांजरीच्या खोलीतला दिवा संध्याकाळी सातला बंद होतो. वर्षाला एकच वेत पाळायचं, तर हा बिनखर्चाचा उपाय सगळ्यांत आधी करावा.

कायद्याचं थोडक्यात सांगते. कुत्र्यांच्या पैदाशीला २०१७ चे आणि प्राण्यांच्या दुकानांना २०१८ चे नियम आहेत. मांजरांच्या घरगुती पैदाशीला तसे स्वतंत्र नियम नाहीत, म्हणून शिस्त आपणच लावायची. सोसायटीला बहुमताने ठराव करूनही पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, हे प्राणी कल्याण मंडळाने २०१५ मध्येच स्पष्ट केलं आहे. पण शेजाऱ्याच्या दारात वास गेला तर तो कागद पुढे करून उपयोग नाही, वाळू बदला.

बारा आठवडे पुरे झाल्याशिवाय आमचं पिल्लू घराबाहेर जात नाही. दीड महिन्याचं पिल्लू विकलं तर खाद्य, लस, वाळू मिळून चौघांमागे बारा-पंधरा हजार वाचतात, आणि बाजारातला बहुतेक नफा हाच आहे. तेवढ्या लहान वयात दुरावलेलं पिल्लू चावकं निघतं, घाबरट होतं, लशीविना नव्या घरात जाऊन आजारी पडतं. आमच्या पिल्लाबरोबर लशीचं कार्ड, आईबापांचे तपासणी अहवाल, दोन किलो खाद्य आणि त्याच्या ओळखीच्या वाळूची एक पिशवी जाते. ही वाळू नव्या घरातल्या ट्रेमध्ये वरून पसरायची, म्हणजे पिल्लू पहिल्या दिवसापासून तिथेच जातं. मांजरीची तीन-चार वेतं झाली की तिचं ऑपरेशन करून घ्यायचं आणि तिला घरातच ठेवायची. त्यानंतर ती आणखी दहा वर्षं सहज जगते, आणि वर्षाला तिच्या खाण्याचे नि वाळूचे अठरा-वीस हजार वहीत पडत राहतात. ‘किती सुटतात’ असं विचारणाऱ्याने हे आकडे आधी मांडावेत, मग मांजरी आणावी.