ताप उतरला, पण प्लीहा अजून सुजलेली आहे

घसा सोलल्यासारखा झालाय, मानेत गाठी आल्यात, आठ दिवस ताप हटत नाही. विशीतला मुलगा अशी तक्रार घेऊन आला की परभणी, जिंतूर, गंगाखेड भागात आधी टायफॉईडचं नाव निघतं, पावसाळ्यात डेंग्यूचं, आणि गाठी राहिल्या तर क्षयाचं. हे तिन्ही आजार इथे आहेत, तेव्हा शंका रास्तच. पण एपस्टाईन-बार विषाणूचा मोनोन्यूक्लिओसिस, म्हणजे ‘मोनो’, कुणाच्या फारसा डोक्यात येत नाही. तो परदेशातल्या कॉलेजच्या पोरांचा आजार, असा समज आहे. त्यात थोडं तथ्यही आहे. १९६४ साली सापडलेला हा विषाणू लाळेतून पसरतो, आणि उष्टं-खरकटं न मानणाऱ्या घरांत तो बहुतेक मुलांना लहानपणीच गाठतो. त्या वयात साध्या सर्दीपलीकडे काही जाणवत नाही. जो तेव्हा सुटला, त्याला मात्र तो तरुणपणी जोरात पकडतो, कारण या वयात प्रतिकारशक्तीच त्याच्यावर तुटून पडते आणि ताप, सूज, थकवा या झटापटीतून येतात. एका बाटलीला तोंड लावून पाणी पिणंही लागण व्हायला पुरतं. तेव्हा लाळेतून पसरतो म्हणून त्यात कुणाच्या चारित्र्याचा प्रश्न येत नाही.

दुसरा समज जास्त घातक आहे: ताप गेला, म्हणजे आजार गेला. जवळपास निम्म्या रुग्णांत प्लीहा, म्हणजे आपल्याकडे जुनी माणसं जिला पाणथरी म्हणतात ती, सुजते. डाव्या बरगड्यांआड सुरक्षित असणारा हा अवयव पेशींनी भरून फुगतो, त्याचं आवरण ताणलं जातं आणि तो बरगडीखाली उतरतो. मग पोटावर बसलेला गुडघा सोडाच, जोरात कुंथणंही कधी पुरेसं ठरतं. प्लीहा फुटण्याचं प्रमाण हजारात एक ते पाच, आणि बहुतेक घटना पहिल्या तीन आठवड्यांतल्या, काही त्यानंतरच्याही. नेमक्या याच काळात ताप उतरून पोराला हुरूप येतो. पोलीस भरतीची १६०० मीटर धाव, गोळाफेक, कबड्डी, आखाडा, सगळं त्याला खुणावत असतं. वरच्या पोटात डावीकडे अचानक कळ, डाव्या खांद्यात दुखणं, चक्कर, घाम, जलद नाडी असं काही झालं तर गॅसची गोळी देऊन वाट पाहू नये. रुग्णाला तडक मोठ्या रुग्णालयात न्यावं. वेळेत पोचलेल्या अनेकांची प्लीहा आता शस्त्रक्रियेविनाही वाचवता येते.

इतक्या दुर्मिळ गोष्टीची भीती कशाला, असं कुणी विचारेल. प्रश्न योग्य आहे. बहुतेक रुग्ण दोन-चार आठवड्यांत आपोआप बरे होतात. पण इथे धोक्याचा काळ माहीत आहे आणि उपाय फुकटचा आहे: आजार सुरू झाल्यापासून किमान तीन आठवडे, अंगाला अंग भिडणाऱ्या खेळांसाठी त्याहून जास्त, मैदानापासून लांब राहणं. सोनोग्राफी ठीक आली म्हणून लगेच धावायला जाणंही बरोबर नाही, कारण प्लीहेचा आकार माणसागणिक बदलतो आणि आधीचं माप सहसा कुणाकडे नसतं.

इतर गुंतागुंतीही क्वचितच होतात. टॉन्सिल इतके सुजतात की श्वासाची वाट अडते. श्वास घेताना आवाज येत असेल किंवा थुंकीही गिळता येत नसेल तर घरी थांबू नये. कुणाच्या मेंदूला सूज येते, कुणाचा चेहरा वाकडा होतो, कुणाचे प्लेटलेट्स घसरतात आणि डेंग्यूचाच भास होतो. यकृतावर थोडी सूज बहुतेकांना येते, कावीळ मात्र थोड्यांनाच होते; तिच्यासाठी झाडपाला देऊन यकृतावर आणखी भार टाकू नये. आणि घसा दुखतोय म्हणून घेतलेल्या अमॉक्सिसिलिनने अंगभर पुरळ उठलं, तर ती कायमची ॲलर्जी असेलच असं नाही. मोनोत हे अनेकदा घडतं. अँटिबायोटिकचा या विषाणूवर काही परिणाम होत नाही. विडाल चाचणी जुन्या संसर्गामुळेही पॉझिटिव्ह येऊ शकते, म्हणून फक्त तिच्या जोरावर टायफॉईड ठरवण्याआधी रक्ताच्या नमुन्यात वेगळ्या दिसणाऱ्या लिम्फोसाइट पेशी आहेत का, हे डॉक्टरांना जरूर विचारावं.