सार्वजनिक धूम्रपानबंदी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी असावी की नसावी, यावर भारतात अजूनही हिरिरीने वाद घातला जात असला, तरी त्याचा कायदेशीर निकाल केव्हाच लागलेला आहे. मुंबईतील राजकीय नेते मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 2 नोव्हेंबर 2001 रोजी रुग्णालये, शिक्षणसंस्था, ग्रंथालये, न्यायालये, प्रेक्षागृहे आणि रेल्वेसह सार्वजनिक वाहने येथील धूम्रपान थांबवण्याचा आदेश दिला. त्यानंतर 2003 मध्ये संसदेने तंबाखूजन्य उत्पादनांविषयीचा, ‘कोटपा’ या संक्षिप्त नावाने ओळखला जाणारा अधिनियम संमत केला आणि 2 ऑक्टोबर 2008 पासून अमलात आलेल्या नियमांनी कामाची ठिकाणे, मॉल व चित्रपटगृहे स्पष्टपणे त्याच्या कक्षेत आणली. आता जे वाद उरले आहेत, ते बहुतांशी या कायद्याविषयीच्या आणि धुराविषयीच्या गैरसमजांवर उभे आहेत.

सिगारेट ओढणे ही ज्याची त्याची खासगी बाब असून सरकारने त्यात नाक खुपसू नये, हा आक्षेप सर्वांत जुना. परंतु कायद्याने धूम्रपान हा गुन्हा ठरवलेला नाही. प्रौढ व्यक्तीला सिगारेट विकत घेता येते आणि स्वतःच्या घरी ओढताही येते. न्यायालयाने राज्यघटनेच्या 21व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचा आधार घेतला, तो धूम्रपान न करणाऱ्याच्या बाजूने : ज्याने सिगारेट पेटवलेली नाही, त्याने तिचे परिणाम का भोगावेत, हा त्यामागील विचार होता.

दुसरा समज असा की, खरे नुकसान ओढणाऱ्याचेच होते, शेजारच्याला फार तर वासाचा त्रास होतो. सिगारेटचा धूर दोन प्रकारचा असतो : ओढणारा आत घेऊन बाहेर सोडतो तो मुख्य धूर आणि दोन झुरक्यांच्या मधल्या वेळात पेटत्या टोकातून आपोआप निघत राहतो तो पार्श्वधूर. शेजारच्याच्या वाट्याला येणाऱ्या धुरात पार्श्वधुराचाच भाग मोठा असतो. तो कमी तापमानावर, अपुऱ्या ज्वलनातून तयार होतो, फिल्टरमधून जातही नाही आणि समान वजनाच्या मुख्य धुरापेक्षा अधिक विषारी असतो. जपानमधील संशोधक ताकेशी हिरायामा यांनी धूम्रपान न करणाऱ्या 91,540 विवाहित स्त्रियांच्या दीर्घकालीन पाहणीचे निष्कर्ष 1981 मध्ये प्रसिद्ध केले, तेव्हा पती जितका अधिक धूम्रपान करणारा, तितका पत्नीला फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका अधिक असल्याचे दिसून आले. तंबाखू उद्योगाने या अभ्यासावर अपेक्षेप्रमाणे झोड उठवली. पुढे अनेक देशांतील अभ्यासांनी मात्र तोच निष्कर्ष उचलून धरला. बिडी पानाची, म्हणून नैसर्गिक व कमी घातक, ही समजूतही अशीच निराधार आहे; तेंदूचे पान जळतानाही टार आणि कार्बन मोनॉक्साइड निर्माण होतातच.

स्वतंत्र धूम्रपान कक्ष दिला की प्रश्न सुटतो, असे मानणारे बरेच आहेत आणि कायद्यानेच त्यांना आधार दिला आहे. 30 किंवा त्याहून अधिक खोल्यांचे हॉटेल, 30 किंवा अधिक आसनांचे उपाहारगृह आणि विमानतळ यांना असा कक्ष ठेवता येतो; मात्र त्याला चारही बाजूंनी छतापर्यंत भिंती, आपोआप बंद होणारे दार आणि धूर थेट इमारतीबाहेर फेकणारी यंत्रणा असावी लागते. अमेरिकेच्या सर्जन जनरलांच्या 2006 च्या अहवालाने अशा धुराची कोणतीही पातळी निर्धोक नसल्याचे आणि वायुवीजनाने त्याचा संपर्क पूर्णपणे टाळता येत नसल्याचे नमूद केले आहे. दार उघडले की धूर बाहेर येतो आणि कक्ष झाडण्यासाठी कोणाला तरी आत जावेच लागते. तेव्हा ही सवलत कायद्यातील सर्वांत कच्चा दुवा मानली पाहिजे.

उघड्यावर ओढायला हरकत नाही, हा समज अर्धाच खरा आहे. अधिनियमाच्या व्याख्येतून मोकळी जागा वगळलेली आहे. परंतु 2008 च्या नियमांनुसार खुले प्रेक्षागृह, क्रीडांगणाचे स्टेडियम, रेल्वे स्थानक आणि बसथांबा यांना ती सूट मिळत नाही. टपरीवर दोरीला टांगलेल्या लायटरने सिगारेट पेटवून एसटी स्टँडच्या फलाटावर येणारा प्रवासी, डोक्यावर आकाश असले तरी, नियमभंगच करत असतो.

बंदीमुळे धंदा बुडतो, ही भीती आयर्लंडने 2004 मध्ये देशभर बंदी आणली तेव्हाही व्यक्त झाली होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2009 मध्ये उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा अशा बंदीने उपाहारगृहे व बार यांचा धंदा घटत नाही, असेच आढळले. महाराष्ट्रात तर ही भीती अधिकच अनाठायी आहे, कारण 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीनुसार येथे धूम्रपान करणारे प्रौढ चार टक्क्यांच्याही आत आहेत आणि तंबाखूचे खरे राज्य मळलेल्या तंबाखूचे व मिश्रीचे आहे. त्या व्यसनावर या बंदीचा इलाज चालत नाही, हेही मान्य केले पाहिजे.

या नियमाच्या भंगासाठी 2003 च्या अधिनियमाने ठरवलेला दंड जास्तीत जास्त 200 रुपये आहे. मात्र तक्रार कोणाकडे करायची, त्या व्यक्तीचे नाव ठळकपणे लावणे जागेच्या मालकावर किंवा व्यवस्थापकावर बंधनकारक असून, तक्रार येऊनही त्याने कारवाई केली नाही, तर तेथे जितके गुन्हे घडले असतील तितक्यांचा दंड त्याला स्वतःला भरावा लागतो.