न्हाणीघराची जमीन आणि लादीखालचे पाणी

रायपूरच्या शंकर नगरासारख्या वसाहतीत घर बांधणारा किंवा जुने घर दुरुस्त करणारा गृहस्थ न्हाणीघराचा विचार करू लागला, म्हणजे प्रथम लाद्यांच्या दुकानाकडे वळतो. रंग, चकाकी आणि किंमत यांची निवड झाली व लाद्या बसल्या, की पाण्याचा बंदोबस्त झाला असे तो मानतो. या समजुतीत मोठी चूक आहे. लादीमुळे जमीन झिजत नाही आणि ती धुऊन स्वच्छ ठेवता येते, एवढे खरे. परंतु पाणी अडविण्याचे काम तिच्या खालच्या, डोळ्यांना कधीही न दिसणाऱ्या थराला करावे लागते.

याचे कारण सांध्यांत आहे. ३० सेंटिमीटर चौरस लाद्या ३ मिलिमीटर अंतर राखून बसविल्या, तर जमिनीच्या शंभर भागांपैकी सुमारे दोन भाग सांध्यांचे होतात. लादी अभेद्य असली तरी सांध्यातील सिमेंट सच्छिद्र असते. खडूचे एक टोक शाईत बुडवून धरावे. शाई आपोआप वर चढताना दिसेल. या क्रियेस केशाकर्षण म्हणतात. सांध्यातील सिमेंट, त्याखालचा मसाला आणि काँक्रीट ही सर्व या बाबतीत खडूचीच भावंडे होत.

काँक्रीट भिजल्याने लगेच बिघडत नाही. मात्र त्यातील लोखंडी सळयांचे रक्षण काँक्रीटच्या अल्कधर्मी गुणामुळे होत असते. हवेतील कार्बन डायऑक्साइड वायूमुळे हा गुण वर्षानुवर्षे हळूहळू कमी होतो. मग ओल आणि प्राणवायू मिळताच सळई गंजू लागते. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक असते. त्याच्या दाबाने काँक्रीटचे कवच फुटते आणि खालच्या मजल्यावरील छताचे पोपडे पडू लागतात. शेजाऱ्यांमधील कितीतरी वादांचे मूळ अशा न दिसणाऱ्या ओलीत असते.

पाण्याचा थर वेगळा असावा ही कल्पना फार जुनी आहे. मोहेंजोदडो येथील महास्नानगृह चार हजार वर्षांहून अधिक पुरातन. त्याच्या विटा एकमेकींस घट्ट भिडवून जिप्समच्या मसाल्यात बसविल्या होत्या. तथापि केवळ विटांवर विसंबून न राहता त्या कारागिरांनी त्यांच्या मागे डांबराचा थर दिला होता. आजचे उत्तम न्हाणीघर याच तत्त्वावर उभे असते.

आपल्या जुन्या न्हाणीत बादली पुढे घेऊन, बसून स्नान करीत. पाणी जमिनीवर पडे आणि मोरीतून निघून जाई. फवाऱ्याखाली उभे राहून स्नान करण्याची पद्धत आली तेव्हा मिनिटाला ८ ते १० लिटर पाणी भिंतींवरही आदळू लागले. आता तर उंबरठा नसलेले, सरळ चालत आत जाता येईल असे न्हाणीघर अनेकांना हवे असते. गुडघ्यांनी त्रासलेल्या आजी-आजोबांना त्याची सोय मोठी आहे. पण उंबरठा गेला म्हणजे पाण्याला अडविणारा बांधही गेला, आणि सारा भार ढाळावर आला.

ढाळ साधारणतः साठास एक असावा. म्हणजे जाळीपासून १२० सेंटिमीटरवर जमीन २ सेंटिमीटर उंच. तयार काँक्रीटवर हा ढाळ मसाल्याने चढवावा लागतो व त्यामुळे कोरड्या बाजूची पातळीही वाढवावी लागते. जागा मिळविण्यासाठी सळया तोडून स्लॅब खोदणे घातक होय. जाळी मध्यभागी असेल तर ढाळ चहूबाजूंनी येतो व त्यास लहान लाद्याच जुळतात. शिवाय अधिक सांध्यांमुळे ओला पाय घसरत नाही. ढाळ पाणसळीने तपासावा, नजरेने नव्हे.

तळमजल्यावर एक निराळी अडचण संभवते. रायपूरच्या परिसरात कन्हार नावाची काळी चिकण माती आढळते. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. अशा मातीवर थेट ओतलेली जमीन तडकते आणि तिच्याबरोबर वरचा ताठ थरही फाटतो. म्हणून ती माती पुरेशी काढून मुरूम भरून धुमसावा, आणि जलरोधक थर थोडा लवचिक निवडावा.

हा थर बहुधा सिमेंट व बहुवारिक द्रव यांच्या मिश्रणाचा असतो. त्याचे दोन हात एकमेकांस आडवे द्यावेत. जमीन व भिंत यांच्या कोपऱ्यात आधी मसाल्याची गोलाई करावी; नळांची भोके आणि जाळीचे तोंड येथे विशेष काळजी घ्यावी, कारण गळती बहुतेक तेथूनच सुरू होते. फवाऱ्याच्या भिंतींवर थर १८० सेंटिमीटरपर्यंत न्यावा.

त्यानंतरची कसोटी शाळेतील मुलांनाही करता येईल. जाळीचे तोंड बंद करून जमिनीवर ३ ते ५ सेंटिमीटर पाणी भरावे, पातळीची खूण करावी आणि ४८ तास थांबावे. रायपूरच्या उन्हाळ्यात पाण्याची वाफही होते, म्हणून शेजारी पाण्याने भरलेली एक परात ठेवावी. परातीतील पाणी जेवढे उतरेल त्याहून जमिनीवरचे अधिक उतरले, तर तो फरक गळतीचा. गवंड्याला घाई असते आणि मालकालाही. तरी ही कसोटी झाल्याविना एकही लादी बसवू देऊ नये.

लादी बसविताना तिची जात पाहावी. भिंतीची साधी चकचकीत लादी वजनाच्या शेकडा दहाहून अधिक पाणी शोषते, तर व्हिट्रिफाइड लादी शेकडा अर्ध्याहूनही कमी. दुसरीच्या पाठीत सिमेंट शिरत नाही. तिला बहुवारिकयुक्त चिकटमसालाच हवा. बसवून वाळल्यावर दांड्याने ठोकून पाहावे. पोकळ आवाज आला तर तेथे पाणी साचणार.

जाळीखालच्या सापळ्याला भारतभर नहाणी ट्रॅप म्हणतात. न्हाणी हा आपला घरगुती शब्द बांधकामाच्या इंग्रजीतही जाऊन बसला आहे. त्यात साचलेले सुमारे ५ सेंटिमीटर पाणी गटारातील दुर्गंध अडविते. घर उन्हाळ्यात बंद राहिले तर ते आटते, म्हणून परत आल्यावर प्रथम तांब्याभर पाणी ओतावे.

चुनखडकातून येणाऱ्या कूपनलिकेच्या पाण्याने लाद्यांवर पांढरे डाग पडतात आणि ते काढण्यासाठी अनेक घरी तेजाब वापरतात. तेजाब डाग विरघळविते, तसेच सांध्यातील सिमेंटही विरघळविते. आंघोळीनंतर जमीन व भिंती रबरी पट्टीने निपटून घेतल्या तर डाग धरतच नाहीत.